कोडला अनडू असतो, बोर्डाला नसतो: स्वतःचा पीसीबी डिझाइन करून मागवताना

ऐकायचं असेल तर वर प्ले बटण आहेच. ज्यांना वाचायला बरं पडतं, किंवा जे एसटीत बसलेत आणि हेडफोन घरी राहिलाय, त्यांच्यासाठी बोललेलं थोडं नीटनेटकं करून खाली देतोय.

आजचा विषय असा: ब्रेडबोर्डवर चालणारा प्रोजेक्ट उचलून स्वतः डिझाइन केलेल्या सर्किट बोर्डवर, म्हणजे पीसीबीवर, कसा न्यायचा आणि तो बोर्ड बनवून कसा मागवायचा. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आपल्यासारख्या कोडवाल्यांना यात नवीन टूल शिकणं फार जड जात नाही, सवय बदलणं जड जातं. कोड चुकला तर आपण दुरुस्त करतो आणि पुन्हा टाकतो, दोन मिनिटांचं काम. बोर्डाचं तसं नाही. फाइलमध्ये जे आहे तेच तांब्यात उतरून घरी येतं. चूक असेल तर तीही येते, आणि पाच नग मागवले असतील तर पाचही नगांत येते.

कोल्हापूरच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. उद्यमनगरात, शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला ज्यानं फौंड्रीचं काम बघितलंय त्याला माहीत आहे: पॅटर्न चुकला की कास्टिंग चुकणारच. म्हणून आजचा सगळा भाग एकाच गोष्टीवर आहे. चूक फुकटात सापडते ती ऑर्डर देण्याआधी. नंतर सापडली तर पैसे जातात, आणि पैशापेक्षा वेळ जातो.

०१:५० | बोर्ड नक्की कशासाठी?

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. पावसाळ्यात पंचगंगा चढायला लागली की नदीकाठच्या शेतकऱ्याला एकच घोर: मोटर काढायची कधी? लवकर काढली तर मेहनत आणि माणसांची मजुरी वाया. उशीर झाला तर मोटर पाण्याखाली, मग रिवाइंडिंगचा खर्च, आणि पेटीसकट वाहून गेली तर विषयच संपला. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर ज्यांनी बघितलेत त्यांना पाणी रात्रीत किती चढतं हे सांगायची गरज नाही.

राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बातम्यांत येते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे इथल्या लहान पोरालाही पाठ असतात. पण आपली मोटर राजाराम बंधाऱ्यावर नसते. ती भोगावतीच्या, कुंभीच्या नाहीतर वारणेच्या काठावर, आपल्या रानाच्या कडेला असते. तिथं पाणी मोटरच्या पायापासून किती खाली आहे, हे कुठल्याच बातमीत येत नाही. त्यासाठी कुणीतरी बॅटरी घेऊन अंधारात, चिखलातून नदीवर जातं. जुलैच्या रात्री, पाणी चढत असताना.

तर आपला बोर्ड हेच काम करणार. काठावर एका पाइपला दोन फ्लोट बांधायचे, टाकीत असतात तसे. खालचा सांगणार, ‘पाणी चढतंय, तयारीत राहा’. वरचा सांगणार, ‘आता मोटर काढा’. फ्लोटच्या वायरी उंचावरच्या एका डब्यात येणार. डब्यात आपला बोर्ड, एक ईएसपी३२, एक ४जी मॉड्यूल आणि बॅटरी. फ्लोट हलला की घरच्या फोनवर मेसेज. फ्लोट किती उंचीवर बांधायचे हे मात्र गूगलला विचारू नका. ज्यानं तीस पावसाळे त्या काठावर काढलेत त्याला विचारा.

एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करतो. हा बोर्ड मोटर चालू-बंद करत नाही. थ्री फेजचे ४१५ व्होल्ट या बोर्डाच्या आसपासही येणार नाहीत. पहिला बोर्ड कायम १२ व्होल्टच्या आतला करा. मेन्सच्या बोर्डात दोन ट्रॅकमधलं अंतर, इन्सुलेशन, फ्यूज यांचे नियम वेगळे असतात, आणि तिथली चूक जिवावर येते.

आता प्रश्न येतो, मग ब्रेडबोर्डच डब्यात का नाही ठेवायचा? कारण ब्रेडबोर्डमध्ये वायर फक्त स्प्रिंगच्या दाबावर धरलेली असते. पावसाळ्याची दमट हवा, डब्याला बसणारे धक्के, आत शिरलेल्या मुंग्या, यात एखादी जंपर सैल होते आणि सिस्टिम गप्प बसते. नेमकी गरज असते त्या रात्री. झिरो पीसीबीवर हातानं वायरी सोल्डर केल्या तर एक नग चांगला होतो, पण शेजारच्यानं ‘मला पण एक करून दे’ म्हटलं की पुन्हा तेवढेच तास. डिझाइन केलेला बोर्ड पाचवा असो वा पन्नासावा, पहिल्यासारखाच येतो.

०५:२० | आधी कागद

कॉम्प्युटर उघडायच्या आधी कागदावर चौकोन काढा. आपले चौकोन हे:

१२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी. ही छोट्या यूपीएसमध्ये असते, कुठंही मिळते. ती चार्ज करायला छोटं सोलर पॅनल आणि तयार चार्ज कंट्रोलर. तिथून बोर्डावर फ्यूज, मग उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड, मग १२ चे ५ व्होल्ट करणारं एलएम२५९६ चं तयार मॉड्यूल. ५ व्होल्टवर ईएसपी३२ चा डेव्हकिट आणि ४जी मॉड्यूल. दोन फ्लोटचे इनपुट. शिवाय बॅटरी किती उतरली हे मोजायला दोन रेझिस्टरचा एक डिव्हायडर.

बघा, यातले तीन मोठे भाग तयार मॉड्यूल आहेत. आपला बोर्ड त्यांना फक्त नीट धरून ठेवतो आणि जोडतो. पहिल्या बोर्डासाठी हाच रस्ता घ्या. सुट्या चिप बारीक सोल्डरिंगनं बसवायचं धाडस दुसऱ्या-तिसऱ्या बोर्डाला करा.

कागदावर असतानाच एक प्रश्न विचारायचा: काय तुटलं तर काय होईल? फ्लोटची वायर उंदरानं कुरतडली तर? साधी जोडणी केली, म्हणजे पाणी आल्यावर कॉन्टॅक्ट जुळणारी, तर तुटलेली वायर म्हणजे ‘पाणी नाही’. सगळं ठीक आहे असं वाटत राहणार आणि मोटर बुडणार. त्यापेक्षा उलटं करा. टाकीचा तीन वायरवाला फ्लोट दोन्ही पद्धतीनं जोडता येतो. पाणी नसताना कॉन्टॅक्ट जुळलेला ठेवा, पाणी आलं की तो सुटेल. आता वायर तुटली तरी बोर्डाला तो सुटल्यासारखाच दिसणार आणि मेसेज येणार. खोटा का होईना, पण येणार. तसंच रोज सकाळी सहाला ‘मी चालू आहे, बॅटरी इतकी’ असा मेसेज ठरवून टाका. पुरात मोबाइल टॉवर बंद पडू शकतो. सकाळचा मेसेज आला नाही तर ती शांतता हीच सूचना समजायची.

मग हे सगळं ब्रेडबोर्डवर जोडून आठवडाभर चालवा. जे ब्रेडबोर्डवर चाललेलं नाही ते पीसीबीवर टाकायचं नाही.

०८:१० | स्किमॅटिक: कोण कुणाला जोडलंय

डिझाइनसाठी मी कीकॅड वापरतो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि लॅपटॉप साधा असला तरी चालतो. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या जाँ-पिएर शारास यांनी ते सुरू केलं. पुढं जिनिव्हाच्या सर्न या मोठ्या संशोधन संस्थेनंही त्यात भर घातली. म्हणजे कॉलेज प्रोजेक्टपुरतं खेळणं नाही ते.

कीकॅडमध्ये दोन मोठे टप्पे आहेत. पहिला स्किमॅटिक. यात कोणती पिन कोणत्या पिनला जोडलीय एवढंच ठरतं. जागा, आकार, काही नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर हे लॉजिक.

इथं ईएसपी३२ च्या पिना निवडताना डेटाशीट उघडी ठेवा. ३४ ते ३९ नंबरच्या पिना फक्त इनपुट घेतात आणि त्यांना आतून पुल-अप नसतो. तिथं फ्लोट जोडला आणि बाहेरून रेझिस्टर दिला नाही तर पिन हवेत लटकणार, मनाला येईल ते वाचणार. १२ नंबरची पिन चालू होताना वर खेचलेली असेल तर बोर्ड बूटच होत नाही. बॅटरीचं व्होल्टेज मोजायला एडीसी१ ची पिन घ्या, कारण वाय-फाय चालू असताना एडीसी२ वापरता येत नाही.

फ्लोटच्या वायरी दहा-पंधरा मीटर लांब असणार. इतकी लांब वायर म्हणजे ॲन्टेनाच. जवळ मोटर सुरू झाली, आभाळात वीज चमकली, की त्यात झटके येतात. म्हणून प्रत्येक इनपुटला टर्मिनलपाशीच एक संरक्षक डायोड, १० किलोओहमचा पुल-अप, मग १ किलोओहमचा रेझिस्टर आणि पिनेजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. सगळे मिळून चहाच्या किमतीचे भाग आहेत. थेट पडलेल्या विजेपासून ते वाचवणार नाहीत, पण रोजच्या बारीकसारीक झटक्यांत ईएसपी३२ ची पिन वाचते.

स्किमॅटिक झालं की ईआरसी चालवा. इलेक्ट्रिकल रूल चेक. कोडमधल्या लिंटरचा हा भाऊ. कुठली पिन जोडायची राहिली, कुठं दोन आउटपुट एकमेकांना भिडले, हे तो सांगतो. पण तो व्याकरण तपासतो, अर्थ नाही. सगळ्यात जास्त होणारी चूक बघा: ४जी मॉड्यूलचा टीएक्स ईएसपी३२ च्या आरएक्सला जायला पाहिजे आणि आरएक्स टीएक्सला. सरळ जोडलं तर दोघं एकाच वेळी बोलणार आणि ऐकणार कुणीच नाही. ईआरसी याला बिनधास्त पास करू शकतो. शिवाय काही ४जी चिपचे सिग्नल १.८ व्होल्टचे असतात आणि ईएसपी३२ चे ३.३ चे. तुमच्या मॉड्यूलवर मधला लेव्हल शिफ्टर आहे का, हे आधी बघा.

म्हणून स्किमॅटिकची प्रिंट काढा आणि हायलायटर घेऊन एकेक जोडणी डेटाशीटशी ताडून रंगवत जा. जमलं तर दुसऱ्याच्या हातात द्या. आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं. कोड रिव्ह्यू म्हणतो ना, तेच.

११:४० | फूटप्रिंट: इथं व्हर्नियर लागतो

स्किमॅटिकमधला रेझिस्टर म्हणजे नुसतं चिन्ह. प्रत्यक्ष भागाला बोर्डावर किती जागा लागते, भोकं किती अंतरावर, पॅड केवढे, ते म्हणजे फूटप्रिंट. नवीन लोकांचे बोर्ड सर्किटपेक्षा फूटप्रिंटमुळं जास्त वाया जातात.

ईएसपी३२ डेव्हकिटचंच घ्या. एकाच नावानं बाजारात वेगवेगळे बोर्ड मिळतात. कुणाला ३० पिना, कुणाला ३८. पिनांच्या दोन रांगांतलं अंतर कुणाचं २२.८६ मिलिमीटर, कुणाचं २५.४. इंटरनेटवरून फूटप्रिंट उतरवून घेतला आणि अंतर अडीच मिलिमीटरनं वेगळं निघालं तर डेव्हकिट त्यात बसणारच नाही. दाबून पिना वाकवून बघणारेही असतात. त्यात अर्थ नाही.

नियम सोपा आहे: भाग आधी विकत घ्या, मग फूटप्रिंट करा. पुण्याच्या रोबूसारख्या दुकानातून ऑनलाइन मागवा नाहीतर गावात घ्या, पण जो भाग लावणार तो हातात पाहिजे. मग व्हर्नियरनं मोजा. कोल्हापुरात व्हर्नियर नाही म्हणायची सोय नाही. घरी नसला तर ओळखीतल्या कुणाच्या तरी वर्कशॉपात असतोच.

१३:१० | लेआउट: तांब्याचे रस्ते

आता दुसरा टप्पा. स्किमॅटिकमधून सगळे भाग बोर्डाच्या खिडकीत आणले की ते एका ढिगात पडतात आणि बारीक रेघांनी एकमेकांना बांधलेले दिसतात. घाईनं ट्रॅक ओढायला घेऊ नका. आधी भाग नीट लावा. लावणी नीट झाली की ट्रॅक ओढणं सोपं जातं.

सुरुवात डब्यापासून करा. डबा ठरवा, आतून मोजा, मग बोर्डाचा आकार ठरवा. आपला बोर्ड ८० बाय ६० मिलिमीटरचा धरू. चार कोपऱ्यांत एम३ स्क्रूसाठी ३.२ मिलिमीटरची भोकं. वायरींचे स्क्रू टर्मिनल कडेला, आणि स्क्रू ड्रायव्हर वरून जाईल असे. ईएसपी३२ चा ॲन्टेनावाला टोकाचा भाग बोर्डाच्या कडेकडे, आणि त्याच्याखाली तांबं अजिबात नको, नाहीतर सिग्नल दबतो.

आता ट्रॅकची जाडी. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉन असतो. केसापेक्षा पातळ. सिग्नलच्या ट्रॅकला ०.२५ ते ०.३ मिलिमीटर रुंदी भरपूर झाली. पण ४जी मॉड्यूलचं तसं नाही. सिग्नल कमजोर असला की ते जास्त ताकदीनं ओरडतं, आणि अशा काही क्षणांत करंट २ अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. नदीकाठी सिग्नल कसा असतो ते तुम्हाला माहीतच आहे. २ अँपिअरला, तांबं १० अंशांपेक्षा जास्त तापू नये असं धरलं, तर साधारण ०.८ मिलिमीटर रुंदी लागते. कीकॅडमध्येच याचा कॅल्क्युलेटर आहे. जागा असताना कंजुषी कशाला, पॉवरचे ट्रॅक २ मिलिमीटर ठेवा. मॉड्यूलच्या पिनेला चिकटून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. करंटची एकदम मागणी आली की तो आधी भागवतो. नाहीतर व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि ईएसपी३२ रीस्टार्ट होतो. असा बोर्ड घरी टेबलावर महिनाभर छान चालतो आणि नदीवर गेला की दर मेसेजला मरतो. कोडमध्ये कितीही शोधा, बग सापडत नाही, कारण तो कोडमध्ये नसतोच.

बोर्ड दोन लेअरचा घ्या. खालचा लेअर शक्य तितका पूर्ण ग्राउंड ठेवा, म्हणजे सलग तांब्याचं पान. प्रत्येक करंटला परत जायला वाट लागते. ग्राउंड तुकड्या-तुकड्यांचा असला की ती वाट लांबून वळसे घेत जाते आणि गोंगाट वाढतो.

शेवटी सिल्कस्क्रीन, म्हणजे बोर्डावरचा पांढरा छापा. कीकॅडच्या ७व्या आवृत्तीपासून कॉम्प्युटरमधले फॉन्ट वापरता येतात. म्हणजे बोर्डावर मराठी छापता येतं! ‘बॅटरी +’, ‘फ्लोट वरचा’, ‘फ्लोट खालचा’. मात्रा-वेलांट्या बुजू नयेत म्हणून अक्षर दोन-अडीच मिलिमीटर उंच ठेवा. ही हौस नाही. पुढच्या जूनमध्ये तुम्ही पुण्यात ऑफिसला असणार, आणि सुटलेली वायर परत लावणारा माणूस घरचा नाहीतर गावचा वायरमन असणार. त्याला ‘जे३’ वाचून काय कळणार?

१७:३० | ऑर्डरच्या आधीची संध्याकाळ

लेआउट झाला की डीआरसी चालवा, डिझाइन रूल चेक. दोन ट्रॅक फार जवळ आलेत का, भोक कडेला खेटलंय का, एखादी जोडणी ओढायची राहिलीय का. त्याआधी ज्या कंपनीकडून बोर्ड करून घेणार तिच्या मर्यादा त्यात भरा. एकही एरर शिल्लक असेपर्यंत पुढं जायचं नाही. वॉर्निंगही वाचा. कोडमध्ये वॉर्निंगकडं बघायचंच नाही ही आपली सवय इथं महागात पडते.

मग थ्रीडी व्ह्यू उघडून बोर्ड फिरवून बघा. दोन मॉड्यूल एकमेकांना धडकत नाहीत ना? टर्मिनलची तोंडं आत वळलेली नाहीत ना? यूएसबी केबल लावायला जागा आहे ना?

आणि आता सगळ्यात स्वस्त, सगळ्यात भारी टेस्ट. लेआउटची १०० टक्के आकारात कागदावर प्रिंट काढा. झेरॉक्सवाल्याला आवर्जून सांगा, ‘फिट टू पेज’ बंद कर. प्रिंटवर पट्टी ठेवून ८० मिलिमीटर खरंच ८० आलेत का बघा. कागद थर्माकोलच्या तुकड्यावर चिकटवा आणि प्रत्येक भाग त्याच्या जागी टोचून बसवा. डेव्हकिट, मॉड्यूल, टर्मिनल, सगळं. मग तो थर्माकोल डब्यात ठेवून झाकण लावा. झाकण बसलं तर बोर्डही बसणार. काही रुपयांची प्रिंट, पण आठ-दहा दिवसांची वाट वाचवते.

झोपा. सकाळी उठून पुन्हा एकदा बघा. रात्री एक वाजता ‘प्लेस ऑर्डर’ दाबायचं नाही.

१९:४० | गर्बर आणि ऑर्डर

फॅक्टरीला कीकॅडची फाइल न देता गर्बर फाइल देतात. हे नाव योसेफ गर्बर या संशोधकावरून आलं. व्हिएन्नात जन्मलेला, नाझींच्या तावडीतून निसटून १९४० मध्ये अमेरिकेत पोचलेला माणूस. त्याच्या कंपनीच्या फोटोप्लॉटर मशिनांची ती भाषा होती, आज सगळ्या जगाची आहे. वरचं तांबं, खालचं तांबं, दोन्ही बाजूंचा मास्क, दोन्ही बाजूंचा छापा, बोर्डाची कड, अशी प्रत्येक थराची एक फाइल, आणि भोकांची वेगळी ड्रिल फाइल. सगळ्यांची एक झिप करायची. पाठवायच्या आधी ती झिप गर्बर व्ह्यूअरमध्ये उघडून बघा. फॅक्टरी जे बघणार तेच तुम्हाला तिथं दिसतं. ड्रिल फाइल जोडायची राहिली असेल तर इथंच कळतं.

झिप साइटवर अपलोड केली की फॉर्म येतो. पर्याय बघून घाबरू नका. लेअर २, जाडी १.६ मिलिमीटर, मटेरियल एफआर-४, म्हणजे काचेचे धागे आणि इपॉक्सी. तांबं १ औंस, हेच ते ३५ मायक्रॉन. रंग हिरवा, कारण तो बहुतेक ठिकाणी सगळ्यात लवकर निघतो. पॅडचा मुलामा एचएएसएल, म्हणजे सोल्डरचा थर. हातानं सोल्डर करणाऱ्याला तोच सोपा. सोन्याचा मुलामा असलेला एनिग दिसायला देखणा, पण इथं त्याची गरज नाही.

कुणाकडून मागवायचं? चीनमधल्या जेएलसीपीसीबी आणि पीसीबीवे या कंपन्या जगभरातले हौशी लोक वापरतात. १०० बाय १०० मिलिमीटरच्या आतले दोन लेअरचे पाच बोर्ड २ डॉलरला, ही जेएलसीपीसीबीची ऑफर प्रसिद्ध आहे. पण तो आकडा बघून उड्या मारू नका. कुरिअर वेगळं, कस्टम्स वेगळं, आणि भारतात कुरिअरनं माल सोडवताना केवायसीची कागदपत्रं लागतात. बहुतेक वेळा बोर्डापेक्षा तो आणायचा खर्च जास्त होतो. आपल्याकडं बेंगळुरूची लायन सर्किट्स, गांधीनगरची पीसीबी पॉवर अशा कंपन्या आहेत. बोर्डाची छापील किंमत जास्त दिसेल, पण कस्टम्सची भानगड नाही, जीएसटीचं बिल मिळतं, आणि काही अडलं तर फोनवर बोलता येतं. दोन्हीकडं कोटेशन काढा आणि घरी पोचेपर्यंतची पूर्ण रक्कम शेजारी-शेजारी लिहून बघा. आणि तारीख बघा. मे महिन्याच्या शेवटी ऑर्डर देऊन जूनच्या पावसाशी शर्यत लावू नका. हे काम फेब्रुवारी-मार्चचं.

२२:५० | बोर्ड आला, आता?

पाकीट फोडलं की आधी फोटो काढा, ते तर होणारच. पण सोल्डरिंग गन गरम करायच्या आधी मल्टिमीटर बीपवर लावा आणि १२ व्होल्ट व ग्राउंड, ५ व्होल्ट व ग्राउंड या जोड्या तपासा. रिकाम्या बोर्डावर बीप वाजता कामा नये.

सोल्डर करताना बुटके भाग आधी, उंच नंतर. रेझिस्टर, डायोड, छोटे कपॅसिटर, मग सॉकेट, शेवटी टर्मिनल आणि मोठा कपॅसिटर. डायोडची पट्टी आणि कपॅसिटरची वजा बाजू दोनदा बघा.

पहिल्यांदा पॉवर देताना ईएसपी३२ आणि ४जी मॉड्यूल सॉकेटमध्ये नको. एलएम२५९६ च्या मॉड्यूलवर आउटपुट ठरवायचा एक बारीक स्क्रू असतो आणि तो दुकानातून येताना कुठंही फिरलेला असू शकतो. आधी मल्टिमीटर लावून बरोबर ५ व्होल्ट करा, मग बाकीचे पाहुणे बोलवा. नाहीतर डेव्हकिटला थेट १० व्होल्ट मिळतील.

मग बादलीत पाणी घेऊन फ्लोट वर-खाली करा. मुद्दाम वायर तोडा, मेसेज येतो का बघा. बॅटरी काढा, परत लावा. बादलीत जे नापास झालं ते नदीवर पास होणार नाही. सगळं झालं की सॉकेट आणि टर्मिनल सोडून बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंगचा फवारा मारा. वायरी डब्याच्या खालच्या बाजूनं ग्लँडमधून आत घ्या, आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न येता तिथंच ठिबकेल. डबा मात्र २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्याही वर बांधा. गावातल्या भिंतींवर ती खूण अजून सापडेल.

पाच बोर्डांतला एक भरून, तपासून, पिशवीत घालून घरी ठेवा. पावसाळ्यात पहिला बंद पडला तर गावातला कुणीही चार स्क्रू काढून दुसरा बसवू शकतो. छापा मराठीत आहे, वायरी कुठं लावायच्या ते बोर्डच सांगेल.

पुढच्या भागात याच बोर्डाचा कोड बघू: फ्लोट लाटेनं हलला तर खोटा मेसेज कसा टाळायचा, आणि बॅटरी वाचवायला ईएसपी३२ ला झोपवायचं कसं. तोपर्यंत कीकॅड डाउनलोड करा, कागदावर चौकोन काढा, आणि प्रत्येक चौकोनाशेजारी एक प्रश्न लिहा: हे तुटलं तर काय? भेटू पुढच्या भागात.